परत घरी येणारी वाट

७ जानेवारी
आज पुन्हा पार्किंग. शाहूपुरीतल्या ऑफिसात आर्किटेक्ट म्हणून लागले खरी, पण दिवसभर काढते गाड्यांच्या चौकटी. संध्याकाळी सौमित्र सरांनी नवी फाइल दिली. वारणानगरचा बंगला. अंगणभर पेव्हर ब्लॉक, उंच गेट. "किरकोळ काम आहे, उरकून टाक."

९ जानेवारी
जागा बघून आले. बंगला राजनंदिनीताईंचा, त्या शाळेत शिकवतात. एवढं उंच गेट कशाला, असं विचारलं तर त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. धोंडुबाईंना विस्मरणाचा आजार आहे. रानात जाते म्हणून उठतात आणि रस्त्याला लागतात. रान कधीच विकलंय, तिथं आता कॉलनी आहे. परवा उसाच्या ट्रॅक्टरखाली जाता जाता वाचल्या.
"कुलूप लावलं तर दार बडवत बसत्यात," ताई म्हणाल्या. "न्हाय लावलं तर आमचा जीव थाऱ्यावर नसतोय. काय करायचं सांगा की."
निघताना धोंडुबाईंनी माझा हात धरला. "पोरी, रानाकडची वाट कुठली गं?"


१० जानेवारी
गेट तर कागदावर काढीनच. पण वाट?

१३ जानेवारी
सरांना नकाशा दाखवला. गेट जास्वंदीच्या कुंपणाआड. मागच्या दारातून पायवाट निघते, मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांमधून, शेवग्याखालून वळते आणि पुढच्या दाराशी परत येते. कितीही चाला, पोचाल ते घरीच.
"आपण बागकामवाले नाही, निशिगंधा," सर म्हणाले. मग पायवाटेवरून बोट फिरवत पुढच्या दाराशी आले. "त्यांना पटलं तर कर. पण सुट्टीच्या दिवशी."
ताईंना फोनवरच पटलं.

१ फेब्रुवारी
हाही रविवार वारणानगरला. वाफे ओढून झाले. नखांत माती घेऊनच जेवायला बसले. आई म्हणाली, "एवढं शिकून हे?" आणि न विचारता आणखी एक भाकरी वाढली. कितीतरी दिवसांनी अशी भूक लागली होती.

१ मार्च
मेथी काढणीला आली. आज धोंडुबाई उठल्या, पदर खोचला आणि मागच्या दारानं बाहेर पडल्या. ताई आणि मी दारातून बघत राहिलो. त्या वाफ्यात बसल्या, मेथीची जुडी केली, शेवग्याखालून सावकाश चालत पुढच्या दाराशी आल्या.
"आलो की घरला," म्हणाल्या आणि जुडी सुनेच्या हातात दिली. ताई तोंड फिरवून आत गेल्या.
मग धोंडुबाईंनी माझे हात उलटेपालटे करून बघितले. "कुणाकडं कामाला हाईस?"
"कोल्हापुरात. ऑफिसात."
"ऑफिसात? हे हात मातीतलं हाईत, पोरी."
शेजारचे बाळासो कुंपणावरून बघत होते. म्हणाले, "आमच्याबी अंगणाचं तेवढं बघा की मॅडम. तिथं नुसतं ऊन खायला बसतोय आम्ही."
परतताना एसटीत उगीच हसू येत होतं.

२ मार्च
सरांना राजीनामा दिला. बाळासोंना कळवलं, उद्या सकाळी येते.