म्हाताऱ्याचं काम झकास

३ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. पुढेमागे कोणी मुलाखत घ्यायला आलं तर तारखा हाताशी असाव्यात. काल माझा पहिला चित्रपट इंटरनेटवर आला. 'तिसऱ्या मजल्यावरची लागण'. एक तास बावीस मिनिटं. लेखन, दिग्दर्शन, संकलन, मेकअप, सगळं मी. कॅमेरा मित्राचा. तो एरवी लग्नं शूट करतो, त्यामुळे झॉम्बीने कोणाला चावलं की सवयीने जवळच्या नातेवाइकांचे क्लोजअप घेतो.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. 'करायचो' म्हणायचे दिवस आता जवळ आलेत. शूटिंग झालं त्या रिकाम्या ऑफिस-इमारतीची लिफ्ट माझ्याकडेच असल्यामुळे किल्ली माझ्याजवळ असते.

प्रेक्षक अकरा. त्यातले चार मी.

४ फेब्रुवारी
पहिला अभिप्राय: 'रक्त गुलाबी आहे.' असणारच. लागण झालेल्या माणसाचं रक्त तुमच्याआमच्यासारखं असेल का? खरं म्हणजे साखरेच्या पाकात रंग कमी पडला, पण ते त्याला कुठून कळणार. दुसरा: 'झॉम्बी धावताना चपला सांभाळतात.' याला वास्तववाद म्हणतात.

निश्चय: अभिप्रायांना उत्तरं द्यायची नाहीत.

४ फेब्रुवारी, दुपारी
उत्तर दिलं. 'एक जाणकार' या नावाने. गुलाबी रक्तामागचा विचार सविस्तर समजावला. त्याने विचारलं, तुम्हीच दिग्दर्शक का. मग गप्प बसलो.

७ फेब्रुवारी
'फार भीती वाटली, दुसरा भाग येईल याची.' एक तारा. माणसं किती जळतात.

पण त्याच्याच खाली: 'जिन्यातल्या म्हाताऱ्याचं काम झकास. हवेत सुई ओवतो ते बघून अंगावर काटा आला.'

म्हातारा म्हणजे माझे बाबा. जन्मभर शिंपीकाम केलं. ठरलेला माणूस ऐनवेळी आला नाही म्हणून त्यांच्याच तोंडाला पीठ फासून उभं केलं. सुई ओवायला मीच सांगितलं होतं. म्हणजे सांगितलं नव्हतं, ते घरीही ओवत बसतात, दोनेक वर्षं झाली. पण काय ठेवायचं आणि काय कापायचं हे शेवटी दिग्दर्शक ठरवतो.

९ फेब्रुवारी
बाबांवर आणखी सहा अभिप्राय. 'नजर बघा त्याची, कोणालाच ओळखत नाही.' 'एवढा कसलेला नट इतकी वर्षं होता कुठे?' बाबांना वाचून दाखवले. त्यांनी विचारलं, कोणाबद्दल आहे हे. मोठ्या कलावंतांत ही नम्रता असते.

ताईचा फोन. माझी मोठी बहीण, दोन तासांवर राहते. तिने बाबांसाठी मेंदूच्या डॉक्टरांची सोळा तारखेची वेळ घेतलीय. पाच महिने थांबून मिळाली म्हणे. मी म्हटलं, वय झालं की माणूस विसरतोच. ती म्हणाली, त्यांनी काल फोनवर मला दोनदा विचारलं, बाई, बाही लांब ठेवू की आखूड. म्हटलं, धंद्याची सवय, जाता जात नाही.

१२ फेब्रुवारी
माझी पद्धत लिहून ठेवतो, लोक विचारतील. बाबांना 'ॲक्शन' म्हटलं की ते थांबतात आणि काय हवंय म्हणून विचारतात. म्हणून त्यांना काहीच सांगायचं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात नेऊन सोडायचं, दार लावून घ्यायचं आणि वरून कॅमेरा चालू ठेवायचा. पाचव्या मिनिटाला ते दार शोधायला लागतात. सातव्या मिनिटाला आईला हाका मारतात. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. त्या हाका मी संकलनात काढल्या आणि तिथे घुरघुर टाकली. तोंडाची हालचाल तेवढी राहिली, आणि लोकांना नेमकी तीच आवडली.

जिन्यातल्या शूटिंगच्या दिवशी कॅमेरावाल्याने दोनदा मध्येच कॅमेरा बंद केला. बॅटरी संपली म्हणाला. त्याच्या बॅगेत तीन भरलेल्या बॅटऱ्या होत्या.

१४ फेब्रुवारी
दुसरा भाग करायचा ठरला. बाबा मुख्य भूमिकेत. प्रेक्षक एकोणीसशेच्या वर गेले. मालकांकडे आठ दिवसांची रजा मागितली, त्यांनी कायमचीच घ्या असं सुचवलं. हेही एका परीने पाठबळच म्हणायचं.

डॉक्टरांची वेळ रद्द केली. ताईला सवडीने सांगेन. गोळ्या सुरू झाल्या तर नजर बदलेल, आणि लोक नजरच तर बघायला येतात. शूटिंग उरकलं की नेऊच. आठ दिवसांत काय आभाळ कोसळतंय.

१६ फेब्रुवारी
सांगायचं राहून गेलं. ताई दोन तास प्रवास करून थेट दवाखान्यात जाऊन बसली. वेळ रद्द झाल्याचं तिला खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं. मग मला फोन केला. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, आता पुढची वेळ जुलैमधली आहे.

मी म्हटलं, जुलै काय, आला आला म्हणता येतो. तिने फोन ठेवून दिला. आमच्या घरात कलेची कदर कमीच.

१९ फेब्रुवारी
शूटिंगचा पहिला दिवस. कॅमेरावाला आला नाही. लग्नाची ऑर्डर आहे म्हणाला. त्याच्या बायकोने सांगितलं, तो घरी झोपलाय.

मीच कॅमेरा धरला. सोळा मिनिटांचा अखंड शॉट. बाबा दारावर थापा मारतात, शर्टाची बटणं काढतात, लावतात, मग पायरीवर बसतात आणि त्यांची पँट ओली होते. तेव्हा थांबावं असं वाटलं होतं. मग वाटलं, असा क्षण पुन्हा मिळायचा नाही.

घरी आल्यावर त्यांना आंघोळ घातली. हात जोडून म्हणाले, साहेब, फार उपकार झाले.

२० फेब्रुवारी
शॉट पाहिला. फोकस नाही. सोळाच्या सोळा मिनिटं.

निश्चय: उद्या पुन्हा.

२१ फेब्रुवारी, दुपारी ४
बाबा इमारतीत नाहीत. मी वर फोकस लावत होतो. मान उचलली तर जिना रिकामा. खालचं दार मी लावलं होतं. बहुतेक. लावलंच असणार.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
चारही रस्ते पालथे घातले. पाहिलं मात्र बऱ्याच जणांनी. फळवाला म्हणाला, तोंड पांढरंफटक, शर्टावर डाग, मी तर लांबूनच रस्ता ओलांडला. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी त्यांना येताना बघून काचेचं दार आतून लावून घेतलं. म्हणजे मेकअप जमला होता.

हे वाक्य खोडायला हवं. खोडत नाही. माझ्याच डोक्यात आलं ते.

२३ फेब्रुवारी
काल सकाळी सापडले. गोदामांच्या मागे, कोरड्या नाल्यात. खुब्याचं हाड मोडलंय. अख्खी रात्र तिथे होते. हाका ऐकू येत होत्या, असं पहारेकऱ्याने सांगितलं. उजाडेपर्यंत जवळ जायची त्याची छाती झाली नाही.

पोलिसांनी विचारलं, अंगावर हे रक्त कसलं. म्हटलं, रक्त नाही, साखरेचा पाक आहे. त्याला मुंग्या लागल्या होत्या. मानेवर, कानात. नर्सने एकेक करून काढल्या. मी मदत करायला पुढे झालो तर बाबा मला बघून भिंतीकडे सरकले.

२ मार्च
ऑपरेशन झालं. मेंदूचे डॉक्टर त्याच इस्पितळात होते, वेळ न घेता भेटले. म्हणाले, आजार तीन-चार वर्षांचा असावा, वेळीच आणलं असतं तर इतक्या वेगाने वाढू दिला नसता. तुमच्या लक्षात कधी आलं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, आत्ताच. ताई खिडकीबाहेर बघत राहिली.

ती बाबांना आपल्या घरी नेणार आहे. मला विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं मलाही वाटलं नाही.

निश्चय: चित्रपट आजच्या आज काढून टाकायचा.

५ मार्च
काढला नाही. प्रेक्षक चार हजार. 'या म्हाताऱ्याला पुरस्कार मिळाला पाहिजे.' सहाशे लोकांनी त्याला होकार दिलाय. सहाशे लोक उगाच म्हणतील का? हे लिहिलं आणि मग जेवण गेलं नाही.

१८ मार्च
ताईकडे गेलो. बाबांना खिडकीपाशी खुर्चीत बसवलं होतं, पायाखाली उशी. माझ्याकडे बघून हसले, पाहुण्यांकडे बघून हसावं तसे.

ताईने चित्रपट पाहिला नव्हता. जेवणं झाल्यावर म्हणाली, लाव. मी म्हटलं, कशाला. ती पुन्हा म्हणाली, लाव. टीव्हीवर लावला. ती पाऊण तास टक लावून बघत होती. मग जिन्याचा प्रसंग आला. बाबा इतका वेळ खिडकीबाहेर बघत होते, ते टीव्हीकडे वळले आणि नीट बघू लागले. मी रिमोट शोधत होतो. तो ताईच्या हातात होता.

बाबा म्हणाले, "हा माणूस आजारी आहे."

ताईने रिमोट मांडीखाली ठेवला.

"याच्या घरी कोणी नाही का?"

मी म्हटलं, आहे, मुलगा आहे.

"मग तो कुठे गेला?"

सांगितलं की तोच शूटिंग करतोय. बाबा पुन्हा टीव्हीकडे वळले. मला वाटलं विसरले. मग माझ्या हातावर हात ठेवून, गिऱ्हाइकाला समजावून सांगायचे त्या आवाजात म्हणाले,

"त्याला सांगा, शूटिंग राहू दे थोडा वेळ. आधी यांना खाली बसवा म्हणावं. पाय दुखत असतील त्यांचे."

मी सांगतो म्हटलं.