गुंतलेली कॅसेट

१० नोव्हेंबर, नोएडा
श्यामकांता, गुडघा कसा आहे? वैजयंतीवहिनींची साखर आटोक्यात आहे ना? ही वही तुझ्यासाठीच. काम संपलं की पानांचे फोटो पाठवीन. सांगलीहून कालच लेकाकडे मुक्काम हलवला. ऋग्वेद मजेत, सूनबाई क्षिप्रा मजेत, आणि नात मैत्रेयी तर अखंड बडबडते, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. माझं टेपचं मशीन बघून विचारते, आजोबा, ये डब्बा किसका है? म्हटलं, यात आमचं दिल्लीचं अख्खं भजनी मंडळ राहतं.

आपलं चार ट्रॅकचं मशीन नेहरू प्लेसला नवा बेल्ट घालून आणलं. साध्या टेपवर या कॅसेटी निम्म्या उलट्या वाजतात, म्हणून हाच म्हातारा हवा. एकेक ट्रॅक कॉम्प्युटरवर वेगळा उतरतो, पडद्यावर त्याची रेघ नाचते. तुझ्या बहिणीचा, अलकनंदाचा, अभंग तिच्या तिथीआधी ऐकायचाय, ती गुंतलेली कॅसेट आता तरी सोडव, असं तू म्हणालास. बघतो.

१२ नोव्हेंबर
तबला उतरला, पेटी उतरली, कोरस उतरला. चौथ्यावर माझं निवेदन असायला हवं होतं. नाही. नुसता श्वास. मग ओळखीचा आवाज, दारातून आत येत विचारावं तसा: "विसूभाऊ, मैत्रेयी बरी आहे ना?"

कॅसेट १९९४ची. मैत्रेयी सात वर्षांची.

शाळेतून आली ती मुकीच. क्षिप्रा म्हणाली, हवा खराब आहे, अर्ध्या सोसायटीचे घसे बसलेत. बिल्कुल पटलं. पटवून घेतलं.

१४ नोव्हेंबर
सकाळी टेपवरून अलकनंदानं क्षिप्राचं विचारलं. दुपारी क्षिप्रा खुणांनी बोलत होती. डॉक्टर म्हणाले, घसा स्वच्छ आहे, सूजही नाही.

खरं सांगतो. कॅसेट कधी गुंतलीच नव्हती. घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अलकनंदा गायली आणि म्हणाली, "भाऊ, हा आवाज जपा. उद्यापासून माझ्याकडे नसेल." चार दिवसांनी मंडळाची कॅसेट स्पर्धेला पाठवायची होती. रिकामा ट्रॅक नव्हता, आणि मला त्यात माझं नाव ऐकायचं होतं. तिच्या गाण्यावर मी माझं निवेदन भरलं. पुढे ती पाटीवर लिहून विचारायची, टेप कधी ऐकवता? मी म्हणायचो, गुंतलीय गं, सोडवतोय. जाईपर्यंत विचारत होती. तू शेजारी बसलेला असायचास.

१५ नोव्हेंबर
ऋग्वेदचा ऑफिसातून मेसेज. आवाज गेलाय, घरी येतोय.

वायर उपटली. मशीन बंद. पडद्यावर चौथी रेघ तरी हलतेय —

"दादाला सांगितलंत?"

१६ नोव्हेंबर
सांगायलाच तुला फोन लावला. तू हॅलो, हॅलो म्हणालास. मी तोंड उघडलं —

मैत्रेयीनं तिची पाटी माझ्यापुढे सरकवली.

पानांचे फोटो पाठवतोय. तोंडभर शिव्या दे. माफी नको. फक्त —

रेघ हलली. पोरांचं नाही विचारलं. दादा बरा आहे ना, म्हणते —

श्यामकांता, लवकर लिही. आजच. तू अजून बोलू शकतोस ना?