काथ्याच्या दोरीवरची जादा गाठ

नाना,

तक्रार गंभीर आहे, आणि तिचा निवाडा तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. आमच्या घरातली नारळ खोवायची खोवणी कुणीतरी हलवतं. मी ती शेगडीखालच्या खणात ठेवतो आणि ती सापडते वरच्या प्रेसमध्ये. इथे आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात. पंधरा वर्षांत आम्हीही म्हणू लागलो. ल्यूकनच्या या घरात आम्ही तिघंच, त्यामुळे संशयितांची यादी लांबत नाही. तुम्ही माझ्याकडून घोकून घेतलेल्या तर्कशास्त्राप्रमाणे प्रत्यक्ष प्रमाण हाती नाही, म्हणजे अनुमानावर भागवायला हवं, आणि अनुमान तुमच्या सुनेकडे बोट दाखवतं. तिला विचारलं तर कणीक मळता मळता, मान वर न करता म्हणाली, "अहो, रविवारी तुम्हीच ठेवलीत तिथे. मी म्हटलंसुद्धा, तिथे कशाला?" मग शब्दप्रमाण म्हणून तुमच्या नातीची साक्ष काढली. तिने फोनमधून डोकं न काढता डब्लिनच्या हेलात निकाल दिला, "बाबा, यू पुट इट देअर. आय सॉ यू." दोन साक्षी अशा तंतोतंत जुळल्या की तुम्ही एकच गोष्ट म्हणायचात: दोघं आधी बोलून आलेत. मीही तेच म्हणालो. गमतीत. निदान म्हणताना तरी गमतीत.

ते वाक्य मी तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर. मी नववीत असेन. तुम्ही समोरच्या रॉस बेटावर जाणाऱ्या बोटीवरचे तिकीटबाबू. सकाळी लाकूड कारखान्याचा भोंगा झाला की आपल्या क्वार्टरमधून उतरायचं, वाटेत तेलुगू मासेवाल्या पाट्या घेऊन वर येत असायच्या, खाली पडौकचे तांबडे ओंडके रचलेले, आणि धक्क्यावर 'मेनलँड'चे पाहुणे. (आपण भारताला मेनलँडच म्हणायचो, जणू कुणा दूरच्या श्रीमंत नातेवाइकाचं नाव.) हे पाहुणे टेकडीवरचा काळ्या पाण्याचा तुरुंग बघून गंभीर चेहऱ्याने येत आणि बेटावरची हरणं दिसली की लगेच बरे होत. रात्री त्या बेटावर कुणालाही राहू द्यायचं नाही, हा नियम. त्यासाठी सरकारी वही होती, पण तुमचा वहीवर विश्वास नव्हता. तुमच्या खिशात काथ्याची दोरी. बेटावर उतरलेल्या प्रत्येक माणसामागे एक गाठ, परत बोटीत चढलेल्या प्रत्येकामागे एक गाठ सोडायची. दोरी मोकळी झाल्याशिवाय बोट चालवणाऱ्या सारंगाने नांगर उचलायचा नाही. तुम्ही ज्या नजरेने माणसं मोजायचात, ती बघून मोजला जाणारा प्रत्येक जण आपण काहीतरी केलंय असं समजून खाली बघायचा. मला त्या नजरेचा केवढा अभिमान होता.

त्या दिवशी मी तुमच्याबरोबर आलो आहे. सगळे चढले आहेत, ऊन उतरलं आहे, आणि तुमच्या हातातल्या दोरीवर एक गाठ उरली आहे.

"बाबू, सब आ गया," सारंग म्हणतो. तो रांचीवाला, जंगलतोडीला आणलेल्या मजुराचा मुलगा. "बेट पे खाली हिरन है."

"फिर ये गाँठ किसकी है?"

"तुम बाँधा, हम क्या बोलेगा?"

"हमको दो बार गिना होगा," शहाळीवाला बंगाली मागून ओरडतो, "हम मोटा है ना!" बोट हसते. मीही हसतो. तुम्ही सारंगाकडे बघता, शहाळीवाल्याकडे बघता आणि म्हणता, "तुम दोनों पहले से बात करके आया है." मग माझ्याकडे वळता. "हसतोस कशाला? एक माणूस मागे राहिलाय."

त्या छोट्याशा बेटाला तुम्ही तीन फेऱ्या घातल्या, मी मागून. पडक्या चर्चमध्ये हाका मारल्या, वडाच्या मुळांनी गिळलेल्या भिंतींमागे पाहिलं. कुणी नव्हतं. शेवटी सारंगानेच तुमच्या हातातून दोरी घेतली, ती गाठ सोडली आणि तुमच्या खिशात ठेवून दिली. घरी आल्यावर तुम्ही आईला विचारलंत, दोरीला हात कोणी लावला होता. आई म्हणाली, "मी कशाला लावू?" पोळ्या लाटून झाल्यावर तुम्ही तिला पुन्हा विचारलंत, तेच, त्याच शब्दांत.

त्याला आम्ही नोकरीतली सवय म्हणालो. पुढे पुण्यात तुम्ही कपाटाला दुसरं कुलूप घातलंत, तेव्हाही. दूधवाला पिशवी बदलतो म्हणालात, तेव्हाही. वर्षभराने मी तुमच्यापुढे चहा ठेवला आणि तुम्ही अत्यंत अदबीने विचारलंत, "आपण कुणाकडचे?" तेव्हा मात्र सवयीवर ढकलता आलं नाही. त्या क्षणी मी घाबरलो नव्हतो, हे आज सांगतो. मला राग आला होता. तुम्ही मुद्दाम करताय, असं वाटलं होतं.

मागच्या शनिवारी ब्लँचर्डस्टाउनच्या शॉपिंग सेंटरमधून मी पिशव्या घेऊन बाहेर आलो तर गाडी जागेवर नाही. पार्किंगचे तिन्ही मजले पाहिले. सुरक्षारक्षकाला गाठून गाडी चोरीला गेल्याचं सांगितलं, नंबर दिला, कॅमेरे तपासा म्हटलं, वरून त्याच्या व्यवस्थेवर चार शब्दही ऐकवले. त्याने शांतपणे विचारलं, "आर यू शुअर यू ड्रोव्ह, सर?" माझ्या वरच्या खिशात बसचं कार्ड होतं. गाडी सकाळपासून घरासमोर उभी होती. "अह्, यू'र ग्रँड," तो इथल्या पद्धतीने समजूत घालत म्हणाला, "हॅपन्स टु ऑल ऑफ अस." आधी तो माझ्याकडे संशयाने बघत होता, मग दयेने. मला संशयच बरा वाटला. बसमध्ये बसून मी तुम्हीच पाठ करून घेतलेले संस्कृत धातूंचे दहाही गण ओळीने म्हणून पाहिले. सगळे आले. पण ते तर तुम्हालाही शेवटपर्यंत येत होते.

या पत्राला पत्ता नाही, हे निमित्त सोयीचं आहे. पत्ता असता तरी मी ते टाकलं नसतं, कारण वाचून तुम्ही पहिला प्रश्न विचारला असतात की हे सुनेला सांगितलंस का.

गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. घरी गुडघा दाखवायला जातो म्हणालो. गुडघ्याला काहीही झालेलं नाही, नाना. त्या बोटीवर तुम्ही जेवढ्या वयाचे होतात, तेवढ्याच वयाचा मी आज आहे, आणि मला भीती वाटते आहे.