पंख्याची मान

४ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. तू दुरुस्त केलेला आईचा लोखंडी पंखा जावईबापूंनी परवा आणून दिला. फरशी पुसून झाल्यावर मी अनवाणीच वारा आपल्याकडे वळवायला गेले, तर असा झटका बसला की भिंतीवर आदळले. कोपर सुजलंय, बाकी हातीपायी धड आहे.

जावईबापू म्हणतात, पंखा भंगारात द्या आणि मामांना सांगा, आता पकड-पाना पुरे. मी त्यांच्याबरोबरच पंखा परत पाठवतेय. माझ्या हातून तो भंगारात जाणार नाही. तुझ्या हातून जातो का बघ. रागावले नाहीये, घाबरलेय.

तुझी,
चिंगी

१५ मार्च

चि. चिंगीस,

अ. उ. आ. तुझं पत्र आल्यापासून घास गोड लागत नाही. चूक सर्वस्वी माझी. गेली चाळीस वर्षं मी दुरुस्त केलेल्या वस्तूला हाताची मागची बाजू लावून बघतो. झिणझिण्या आल्या नाहीत की वस्तू पास. हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी तसंच शिकवलं. पण माझ्या पायात रबरी चपला आणि खाली लाकडी फळी! इतकी वर्षं मी चपलाच तपासत होतो म्हण.

आता हाताने तपासणं बंद. त्यासाठी एक पेटी बनवतोय. ती खात्री देईल तोवर दुरुस्तीला आलेली शेजाऱ्यांची इस्त्री आणि शेगडी कापडाखाली झाकलेली राहतील. खात्री देता आलीच नाही, तर पकड कायमची खाली ठेवीन. हा शब्द तुला.

पेटीचा पहिला भाग झाला. एक बल्ब आणि दोन चिमटे. एक चिमटा पंख्याच्या वायरीला, दुसरा त्याच्या अंगाला. आतली वीज अंगावर येत असेल तर बल्ब पेटतो. काल दिवसभर लावून बसलो, बल्ब थंडगार. आईने याच पंख्यासमोर बसवून आपल्याकडून कविता घोकून घेतल्या, तेव्हा तोही मान हलवून आपल्याला चुकलं चुकलं म्हणायचा, आठवतं? पंखा निर्दोष दिसतो. पाठवू?

तुझा,
दादा

२४ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. बल्ब पेटला नाही म्हणजे मला झटका बसलाच नाही का? अरे, बल्ब पेटायला केवढी वीज लागते आणि मला उडवायला केवढी पुरते? विज्ञानाच्या तासाला खिडकीबाहेर बघत वृत्तं मोजायचास, त्याचं हे फळ.

पंखा पाठवू नकोस, पण सोडूही नकोस. आणि एक गोष्ट तू विचारलीच नाहीस. झटका बसला तेव्हा तो मान वळवत होता.

तुझी, कोपराची सूज उतरलेली,
चिंगी

९ एप्रिल

चि. चिंगीस,

अ. उ. आ. तुझं पत्र वर्कबेंचसमोर टाचणीने लावलंय. पेटीचा दुसरा भाग केला. जुन्या ट्रान्सफॉर्मरवरून पाचशे व्होल्टचा दाब, मध्ये मोठा रेझिस्टर म्हणून करंट चिमूटभर, आणि एक नाजूक काट्याचं मीटर. बल्बाला कळत नाही तेवढी गळती या काट्याला कळते. पहिलं मीटर मी रेझिस्टर न लावताच जोडून जाळलं, ते जावईबापूंना सांगू नकोस.

पंख्याची पिन काढलेली, चिमटे लावलेले. काटा ढिम्म. मग तुझं वाक्य वाचलं आणि पंख्याची मान हाताने वळवू लागलो. हात एका लयीत चालावा म्हणून आईने घोकून घेतलेली भुजंगप्रयातातली कविता गुणगुणत होतो. एका चरणात डावीकडे, एका चरणात उजवीकडे. चिंगे, डावीकडचा चरण संपला की काटा उडे! दर वेळी, शेवटच्या गुरूवर. वीस वेळा म्हटलं, वीस वेळा उडाला.

मान उघडली. वायर जिथून वर जाते तिथे पत्र्याची कड. वर्षानुवर्षं मान हलून हलून वायरीचं आवरण घासलं गेलं होतं. मी दुरुस्तीत मोटर नवी गुंडाळली, मानेत डोकावलोच नाही. आता नवी वायर, कडेला रबरी कडं, तीन पिनांचा प्लग. दोन दिवस न्हाणीघरात दमट ठेवून पुन्हा पूर्ण कविता म्हटली. काटा झोपलेला.

तरी पाठवण्याआधी अट. वायरमनकडून तुझ्या घरचं अर्थिंग तपासून घे, आणि पुसलेल्या फरशीवर अनवाणी कुठल्याच पंख्याला हात लावू नकोस.

तुझा,
दादा

२ मे

ती. दादास,

सा. न. वि. वि. वायरमन येऊन गेला. अर्थिंगची वायर सॉकेटमागे सुटून लोंबत होती! जोडली.

पंखा पोचला आणि लागलाही. जावईबापू दारातच उभे होते, बटणाजवळ. मी कोरड्या फरशीवर, तुझ्या हट्टाखातर चपला घालून, हात पुढे केला. खरं सांगते, दोनदा मागे घेतला. मग डोळे मिटून तुझी ती चाल गुणगुणले आणि चरण संपता संपता त्याच्या मानेवर हात ठेवला. गार लोखंड, बस्स. तो अजून मान हलवून चुकलं म्हणतोय, म्हणू दे.

संध्याकाळी जावईबापूंनी त्यांची बंद पडलेली इस्त्री माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, मामा पेटी घेऊन कधी येतात?

तर आता शेजाऱ्यांच्या वस्तूंवरचं कापड काढ. लोभ आहेच, तो वाढवायला स्वतः ये.

तुझी,
चिंगी