आफ्रिकेला कुठल्या बोअरची बंदूक न्यावी

राउंडअप, मोंटाना
मार्च संपत आला, बर्फ मात्र संपत नाही

प्रिय थर्मनदाजी,

व्हर्लिनचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून. उजवा खांदा असा धरलाय की सरळ उभं राहून नमस्कार करायची सोय उरलेली नाही. कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? तिकडे तुमच्या गावी, सॅमनला, नदीवरचा बर्फ फुटला का? कोंबड्या अंडी देतात का? डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं ते केलंत, की डॉक्टरच बदललात? फोन केला तर तुम्ही उचलत नाही, म्हणून शेवटी कागद घेऊन बसलो. नॅडिनचं म्हणणं असं की फोन उचलत नाहीत म्हणजे दाजी ठणठणीत असणार, आजारी माणूस पहिल्या घंटीला उचलतो. मला ते फारसं पटलेलं नाही. पण बायकोशी वाद घालायचा तर दोन्ही खांदे शाबूत लागतात.

तर मुद्दा असा की मी आफ्रिकेला निघालोय. आता यात नवीन काय, असं तुम्ही म्हणाल, आणि बरोबरच म्हणाल, कारण मी गेली तीस वर्षं आफ्रिकेला निघालेलोच आहे. दर हिवाळ्यात तुमच्या घरी जेवायला आलो की गाडी चालवून आलेली पायाची सूज उतरायच्या आत मी नकाशा काढायचो आणि तुम्ही म्हणायचात, "अरे, तुझ्या परसातली हरणं नॅडिनची कोबी खाऊन चालली आणि हा शहाणा निघालाय समुद्र ओलांडून हरीण मारायला!" त्यावर लोर्नाताई म्हणायची, जाऊ द्या हो त्याला, तेवढेच दिवस आपल्याला बंदुकांच्या गोष्टी ऐकायला नकोत. असं सगळं छान चाललं होतं. पण या नाताळात नॅडिननं पुडिंग वाढता वाढता मला सुनावलं, "एक तर जा, नाहीतर यापुढे आफ्रिकेचं नाव काढू नकोस." मी हसून वेळ मारून नेली. तिनं तिसऱ्याच दिवशी नामिबियातल्या एका शिकारीच्या शेतावर दोघांचं जूनचं आरक्षण करून टाकलं. दाजी, तीस वर्षं एखाद्या ठिकाणी जायला निघणं वेगळं आणि खरोखर जावं लागणं वेगळं. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. आणि त्या क्षणापासून एकच प्रश्न डोक्यात भुणभुणतोय, की बंदूक कुठल्या बोअरची, म्हणजे केवढ्या नळीची, न्यायची?

तुम्ही म्हणाल, बाबांची थर्टी-ओ-सिक्स आहे की. आहे. तिनं मी आयुष्यभर आपली ती दांडगी एल्क हरणं मारली, तक्रार नाही. (एल्कची असेल.) पण तिकडे एकाच बंदुकीनं सगळं साधायचं असतं. स्प्रिंगबॉक हरीण असतं शेळीएवढं आणि उभं राहतं मैलभर लांब. कुडू असतो घोड्याएवढा, पिळाची शिंगं मिरवत काटेरी झुडपात दडलेला. आणि गेम्सबॉकचं कातडं म्हणे खांद्यावर इतकं जाड की गोळी आधी परवानगी विचारते. "म्हणे" असं लिहिलं, कारण हे सगळं मला डेलमारनं सांगितलं. आमचा शेजारी डेलमार, ज्याच्या गाई दर उन्हाळ्यात आमच्या अंगणात येतात तो. डेलमार आफ्रिकेला कधी गेलेला नाही. तो शेजारच्या बिलिंग्ज शहराच्या पलीकडे एकदाच गेला, तोही वळण चुकल्यामुळे. पण आफ्रिकेतल्या जनावरांचं काळीज नेमकं कुठं असतं आणि ते किती चिवट असतं, यावर तो जेवणाच्या सुट्टीपासून अंधार पडेपर्यंत बोलू शकतो. "व्हर्लिन, ती बापाची काठी ससे मारायला ठेव," तो म्हणाला, "तिकडच्या जनावराला ठासून दारू भरलेलं मॅग्नम लागतं, मॅग्नम! नाहीतर गोळी खाऊन शेजारच्या देशात जाऊन पडेल ते, मग बस पासपोर्ट शोधत!"

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी निभावलं असतं. पण गावात बातमी फुटली आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एक बोअर. दाढेचं भोक बुजवायला गेलो तर डॉक्टर ऑस्बी माझ्या तोंडात दोन्ही हात घालून म्हणाले, "दोनशे सत्तर पुरे. वर्मी लागल्याशी मतलब. आ करा." मला पुष्कळ बोलायचं होतं, पण त्या अवस्थेत माणूस फक्त "ऑं" म्हणू शकतो, आणि तो त्यांनी होकार धरला. पाद्रीबुवांनी रविवारी नम्रतेवर प्रवचन दिलं आणि नंतर कॉफी पिताना माझ्या कानाशी लागून म्हणाले की तीनशे पंचाहत्तरच्या खाली जाण्यात अर्थ नाही. घरी आलो की मी मासिकं उघडायचो. एकात लिहिलेलं असायचं की जड गोळी हळू जावी, दुसऱ्यात की हलकी गोळी वेगानं जावी. रात्रभर मी कधी या अंगावर, कधी त्या अंगावर. नोकरीवरही तेच. रस्त्यावरचा बर्फ ढकलण्याचं यंत्र चालवताना मनात गोळ्यांच्या वेगाचं गणित चालू, आणि त्या नादात मिसेस टोलेफसन यांची टपालपेटी खांबासकट त्यांच्याच शेतात नेऊन ठेवली. त्यांना कळवायला गेलो तर म्हणाल्या, पेटीचं राहू दे, माझे यजमान सेव्हन एमएम वापरायचे.

शेवटी मी डेलमारची तीनशे बोअरची मॅग्नम बंदूक घेतली. (बदल्यात माझी गोठलेल्या तळ्यावर मासे धरायची झोपडी दिली. स्टोव्हसकट. ते अजून नॅडिनला पूर्णपणे सांगितलेलं नाही.) गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत आम्ही नेमबाजी करतो, तिथं गेलो. दस्ता खांद्याला लावला, बंदुकीवरच्या दुर्बिणीला डोळा भिडवला, श्वास रोखला, चाप ओढला. त्यापुढचं मला नीटसं सांगता येत नाही. आवाज झाला, खांदा पाठीमागच्या बाजूला राहायला गेला आणि दुर्बिणीच्या कडेनं भुवईचं माप घेतलं. दवाखान्यात गेलो तर परिचारिकेनं मान वर न करताच विचारलं, "मॅग्नम का?" टाके घालून होईपर्यंत तिनंही एक बोअर सुचवला.

भुवई भरून आली, खांदा अजून नाही. पण नंतर खाणीत मी त्या बंदुकीनं ज्यावर नेम धरायचो त्याला गोळी लागायचीच नाही. गोळी कधी वर, कधी खाली, एकदा तर बाजूच्या माणसानं नेमासाठी लावलेल्या पुठ्ठ्यावर. त्यानं आभार मानले. डेलमारला शंका आली. एके दिवशी तो म्हणाला, दे, मी भरून देतो. त्यानं पाठ फिरवून बंदूक भरली, माझ्या हातात दिली. मी नेम धरला, चाप ओढला, आणि नुसतं "टक्" झालं. आत काडतूसच नव्हतं. पण दाजी, काडतूस नसताना माझे दोन्ही डोळे गच्च मिटले होते आणि मी शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा जागच्या जागी उडालो होतो. खाणीत पाच-सहा जण होते. सगळ्यांनी पाहिलं. कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. डेलमारनं बंदूक माझ्या हातून काढून घेतली आणि अगदी हळू म्हणाला, "घाबरतोयस तू तिला." आयुष्यभर बंदूक हाताळली, आणि या वयात मी बंदुकीला घाबरतो असं डेलमारनं मला सांगावं!  घरी येईपर्यंत गाडीत रेडिओसुद्धा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मी थेट नामिबियाला फोन लावला, की सगळं रद्द करता येईल का ते विचारावं. शेताचे मालक रीकर्ट बाहेर गेले होते, त्यांच्या आई हेटीबाईंनी उचलला. मी रद्द करायचं बोलणार होतो, पण तोंडातून निघालं, "बाई, बंदूक कुठल्या बोअरची आणू?"

"बंदूक?" त्या म्हणाल्या. "आण रे कुठलीही. तू घोरतोस का ते सांग."

"थोडा."

"थोडा म्हणजे पुष्कळ. तुला मागची खोली देते. आणि गरम कपडे आण. तुम्ही सगळे आफ्रिका म्हणजे ऊन समजून येता आणि जूनच्या थंडीत माझी पांघरुणं पळवता."

"पण बाई, कुडूसाठी—"

"हे बघ पोरा," (मी पोरगा! माझं वय नॅडिनसुद्धा मोठ्यानं सांगत नाही) "जी उचलताना पोटात गोळा येत नाही ती आण. तेवढी पुरते. आमचे कुडू मासिकं वाचत नाहीत." आणि त्यांनी फोन ठेवला, कारण चुलीवर काहीतरी करपत होतं.

मग बाबांची बंदूक काढली. रोज संध्याकाळी बैठकीच्या खोलीत, तिकाठीवर टेकवून, रिकामी, नुसता चाप ओढायचा आणि डोळे उघडे ठेवायचे. कुत्र्यानं दोन दिवस जेवण सोडलं, मग त्यालाही सवय झाली. गेल्या रविवारी खाणीत गेलो. चाप ओढला, आणि किती दिवसांनी मी गोळी लागताना पाहिली! पुठ्ठ्याच्या मधोमध. पुन्हा एक, पहिलीच्या शेजारी. डेलमारनं दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं आणि "हं, ससे मरतील," एवढंच म्हणाला, पण त्यानं माझी झोपडी परत करायची तयारी दाखवली. तेव्हा बंदूक ठरली. थर्टी-ओ-सिक्स. मन शांत झालं.

हे शांत मन मंगळवारपर्यंत टिकलं. मंगळवारी वाचलं की बोअरपेक्षा गोळीचं वजन महत्त्वाचं. आता तुम्हीच सांगा, जड घेऊ की हलकी? तुमच्या शब्दाबाहेर नाही.

नॅडिनचा नमस्कार. मीठ कमी करा.

तुमचा,
व्हर्लिन

ता. क. नॅडिननं पत्र वाचलं. म्हणाली, "हे पत्र आहे की बंदुकांच्या दुकानातली पाटी? ज्यासाठी लिहायला बसला होतास ते यात कुठंय?" म्हणून लिहितो. आमच्या कायलिनला दिवस गेलेत आणि बाळ नेमकं जूनमध्ये येणार. नॅडिन म्हणते, हरणं पुढच्या वर्षीही असतील, नातवंड काही तेव्हा पुन्हा पहिल्यांदा जन्मणार नाही. ती बिलिंग्जला मुलीकडे राहणार. मला मात्र जायलाच लावते आहे. तेव्हा शेतावरची दुसरी जागा रिकामी आहे.

ता. क. पुन्हा. ती जागा तुमची आहे, दाजी. ताई गेल्यापासून तुम्ही रानात पाऊल टाकलेलं नाही, गेल्या हंगामात एल्कच्या शिकारीच्या तळावरही गेला नाहीत, हे मला तुमच्या तळावरच्या मंडळींकडून कळलं. तुमच्याकडून कळायला हवं होतं, पण तुम्ही फोन उचलत नाही. मी याआधी तीनदा हे पत्र लिहायला बसलो. ताईचं नाव लिहिलं की पुढची ओळ सुचत नाही, आणि बोअरबद्दल लिहायला लागलो की थांबता येत नाही. ती माझी बहीण होती, मलाही घर रिकामं वाटतं. एवढंच.

ता. क. शेवटचं. उत्तर लिहायची तसदी घेऊ नका. या रविवारी मी गाडी घेऊन सॅमनला येतोय. नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा, दार मात्र उघडा. आणि नाही म्हणण्यापूर्वी एवढा विचार करा, की मी एकटाच गेलो तर तिथं मुक्कामभर सकाळ-संध्याकाळ हेटीबाईंना गोळ्यांची वजनं सांगत बसेन. त्या म्हातारीनं तुमचं काय घोडं मारलंय?