शेपटीवर उभे

३ फेब्रुवारी, सोमवार
लागली एकदाची नोकरी! आईला फोन केला तर म्हणाली, जंत पाळायला एवढं शिकलीस होय? पण माझे जंत पोटातले नव्हेत, मातीतले. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, अंग काचेसारखं आरपार; मायक्रोस्कोपखाली घशातून घास उतरतानासुद्धा दिसतो. प्रयोगशाळेच्या मॅडम कौतुकाने सांगत होत्या, मोठ्या झालेल्या प्रत्येकीच्या अंगात मोजून नऊशे एकोणसाठ पेशी. नर क्वचितच. नराशिवायच एकेक जण तीनशे अंडी घालते. मी ताईकडे राहते, तिच्या दोन खोल्यांत. तिला हे सांगितलं तर म्हणाली, सुखी आहेत बाई.

६ फेब्रुवारी, गुरुवार
हात बसला. बारीक तारेने एकेक जंत उचलायचा आणि जेलीवर खाण्यासाठी जिवाणूंचा थर दिलेल्या ताज्या बशीत सोडायचा. तीन दिवसांत अंड्यातल्या पिल्लांच्या आया होतात. डोक्याला केसाने शिवलं की झटकन मागे सरकतात, लाजल्यासारख्या.
भांडी धुणारे मामा इथले सगळ्यांत जुने. म्हणाले, तुझ्या आधीची मुलगीही अशीच हौशी होती. ती का गेली विचारलं, तर बरण्या विसळायला लागले.

११ फेब्रुवारी, मंगळवार
मागच्या कपाटात टेप गुंडाळलेली बशी सापडली. अक्षर आधीच्या मुलीचं, तारीख पाच महिन्यांपूर्वीची. टेप काढताना झाकण ताडकन उडालं आणि सुकलेल्या जेलीचे कण ओठांवर आले. पुसून टाकले. मॅडम म्हणाल्या, माणसाला यांच्यापासून काही होत नाही.
आतले मेले नव्हते! मॅडमनी समजावलं : अन्न संपलं, गर्दी झाली की पिल्लं तोंड मिटून घेतात. कातडी जाड होते. महिनोन्‌महिने खात नाहीत. शेपटीवर उभी राहून डोलत राहतात. जवळून एखादी गोगलगाय गेली की तिला चिकटून नव्या जागी जातात.
सगळी उभी होती. मी बशी फिरवली, तशी वळली. माझ्याकडे. मॅडम म्हणाल्या, तुझ्या श्वासाची ऊब लागत असेल. असेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
दोन दिवस भूक नाही. ताईने वाढलं, मी घास ओठांपर्यंत नेला आणि ओठ उघडलेच नाहीत. डाएटचं खूळ म्हणून ताई चिडली. अंग कोरडं, कातडी ताणून बसवल्यासारखी. तेल लावलं, मुरलं नाही. थेंब घरंगळून फरशीवर पडले.

१७ फेब्रुवारी, सोमवार
आता तोंड अजिबात हलत नाही. मामांना कागदावर लिहून विचारलं, आधीच्या मुलीचं काय झालं. कागद वाचून त्यांनी नळ बंद केला. म्हणाले, "तिचंही जेवण सुटलं होतं, पोरी. एका दुपारी हात वर करून दारात उभी राहिली. सिलिंडरवाला आला, त्याला अशी मिठी मारली की तिघांनी ओढली तेव्हा सुटली." मग तिच्या घरचे तिला घेऊन गेले.
आणि सिलिंडरवाला? तो परत आला नाही. आठवड्याने त्याची बायको विचारत आली होती — तो जेवत का नाही म्हणून.

१९ फेब्रुवारी, बुधवार
डॉक्टर चमच्याची दांडी ओठांत घालायला गेले. फटच नाही. मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली, उद्याची.
बाहेर बाकावर माणसं बसली होती. माझी पाठ होती तरी प्रत्येकाची ऊब वेगवेगळी कळत होती. पळत घरी आले.

२० फेब्रुवारी, सकाळ
हॉस्पिटलला जाववत नाही. रस्त्यात माणसं आहेत. ताई शाळेत शिकवायला गेली. दाराबाहेर कागद चिकटवला — ताई, आत येऊ नकोस, मला शिवू नकोस. आतून कडी लावली.

दुपार
टाचा टेकत नाहीत. हात वर जातात. लिहायला खाली ओढावा लागतो —
डोलते आहे. थांबता येत नाही —

साडेतीन
जिन्यात ताई. पावलं ओळखते मी —
थांबली. कागद वाचते आहे. रडते आहे. दार बडवते आहे. उघड गं, म्हणते, मी आहे ना —
म्हणूनच तर —
कडी निघाली आहे. मी काढली? केव्हा —
किती ऊब आहे तिला
ताई नको ताई आत येऊ न