मागच्या डब्यातला बयूमी

शुक्रवार, ३ ऑक्टोबर
दमनहूरकडचं गाव सोडून आज मुलाकडे, अलेक्झांड्रियाला, कायमची राहायला आले. मला अक्षर येत नाही; मी सांगते, नात रगदा लिहिते. लिहिताना हसते कार्टी. म्हटलं, हेही लिही.

मुलाने, वगदीने, दिवाणखान्यात आवाजाचे डबे मांडलेत, तीन पुढे, दोन सोफ्यामागे. वगदी पाळण्यात असताना माझा नवरा बयूमी इराकला गवंडीकामाला गेला आणि तिकडेच वारला. मला वाचता येत नाही म्हणून पत्राऐवजी कॅसेटी पाठवायचा. त्या वगदीने कॉम्प्युटरमध्ये भरल्यात. वायर जोडली तरी डबे मुके. कॉम्प्युटर आपला स्वतःच्याच पोटात पुटपुटतोय. म्हटलं, इंजिनियरसाहेब, खुराडं तरी जोडता येईल का तुला? मग एकदाचा बयूमी चहूकडून बोलला.

कॅसेटवर प्रश्न विचारून तो माझ्या उत्तरापुरता थांबायचा. म्हैस व्याली का गं? जुन्या सवयीने म्हटलं, व्याली, रेडकू तुझ्यासारखंच आळशी.

शनिवार, ४ ऑक्टोबर
भाजी निवडत ऐकत होते. मी उत्तर दिलं की मागच्या डाव्या डब्यात कुणीतरी हुंकारतं. वगदी म्हणाला, आई, कॅसेटवर आवाज एकच, एकटा डबा वेगळं कसं बोलेल? कान दाखवू या तुझे. म्हटलं, आधी डब्याचे दाखव.

सोमवार, ६ ऑक्टोबर
मागच्या डब्यातून बयूमीने विचारलं, गुडघा दुखतो का गं अजून? दुखतो, म्हटलं. मग हातातली भाकरी खाली ठेवली. गुडघा यंदा धरलाय. बयूमी होता तेव्हा मी कालव्यावर पळत जायचे.

रगदानेही ऐकलं.

मंगळवार
वगदीने वायर काढली.

आमच्या गावात माणूस दिसल्याशिवाय हाकेला ओ देत नाहीत. ओ देणारा हाकेमागे उठून चालू लागतो, परत सापडत नाही. मी तर उत्तरं देत बसले — गुडघ्याने वाचवलं म्हणायचं.

बुधवार, दुपार
वगदी कामावर. वायर टेबलावर पडलीय. तरी मागच्या डब्यातून हाक — रगदा.

एकाही कॅसेटवर हे नाव नाही. तेव्हा तिचा जन्मच झाला नव्हता —

तिला समोर बसवलंय. लिहीत राहा, पोरी. ओ देऊ नको.

परत हाक. आता बयूमीचा आवाज नाही. माझा. माझी उत्तरं ऐकून शिकलं ते —

रगदा, पुरे झालं लिहिणं. मागे ये.

हे मी नाही सांगितलं. का लिहिलंस? माझ्या ओठांकडे बघ. हलले तरच लिही —

ये बाळा, हात दे.

नाही! ओठ बघ माझे. उठू नको — मागे काय बघतेस? इकडे, रगदा, इक